महत्त्वाच्या लढती होत का नाहीत? व्यावसायिक बॉक्सिंगमधील टाळाटाळीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉक्सर तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याला टाळतो, म्हणजे तो घाबरतो का?

क्वचितच. जो माणूस वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून तोंडावर ठोसे खात मोठा झाला आहे, त्याचा भीतीशी असलेला हिशेब बराच आधी मिटलेला असतो. वरच्या पातळीवर लढत नाकारली जाते ती बहुतेक वेळा रिंगणात नव्हे, तर वकील, व्यवस्थापक आणि प्रमोटर (लढती भरवणारे व्यावसायिक) बसलेल्या खोलीत, आणि तेथे विचारला जाणारा प्रश्न ‘हा आपल्याला हरवेल का’ एवढाच नसतो. ‘हरलो तर काय जाईल, जिंकलो तर काय मिळेल आणि हाच पैसा याहून कमी धोक्यात कोठे मिळेल का’ असा तो तिपेडी प्रश्न असतो.

व्यावसायिक बॉक्सर कोणाचा नोकर नसतो. त्याला पगार नसतो, हंगामाचे वेळापत्रक नसते, आणि जखमी होऊन घरी बसला तर त्या काळाचे मानधनही नसते. आघाडीचा बॉक्सर आज वर्षातून साधारण दोनदा लढतो. ऐन उमेदीची दहा वर्षे धरली तरी त्याच्या हाती विकण्यासारख्या वीसेक लढती असतात, आणि त्यांतली एकेक कोणाविरुद्ध खर्च करायची हे ठरवणे हाच त्याचा खरा धंदा असतो. चाहत्याला हे रुचत नाही, कारण चाहता खेळ पाहायला आलेला असतो. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे, आणि या पानावरील बहुतेक प्रश्न त्या तिढ्यातूनच निघतात.

टेनिस किंवा फुटबॉलमध्ये असे का होत नाही?

कारण तेथे प्रतिस्पर्धी निवडण्याचा अधिकार खेळाडूकडे नसतो. ड्रॉमध्ये जो समोर येईल त्याच्याशी खेळायचे किंवा घरी जायचे. ऑलिंपिकमधील बॉक्सिंगही असेच चालते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र लढत म्हणजे दोन पक्षांमधला स्वतंत्र करार असतो, आणि करार करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.

त्यातून जगज्जेतेपद देणाऱ्या प्रमुख संघटना एक नव्हे, चार आहेत : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. पुरुषांचे सतरा मान्य वजनगट धरले तर एकाच वेळी अडुसष्ट ‘जगज्जेते’ असू शकतात, आणि अंतरिम किंवा ‘रेग्युलर’ अशा पोटपदव्या यात धरलेल्याही नाहीत. ज्याला एक दार अवघड वाटते, त्याच्यासाठी शेजारी आणखी तीन दारे उघडी असतात.

मिश्र युद्धकलांच्या क्षेत्रात यूएफसी या कंपनीची स्थिती वेगळी आहे. तेथे बहुतेक आघाडीचे खेळाडू एकाच कंपनीशी बांधलेले असल्यामुळे लढती कंपनीच जुळवते. त्याची किंमत खेळाडू मोजतात, कारण एकूण उत्पन्नातला त्यांचा वाटा बॉक्सिंगमधील बड्या नावांच्या मानाने बराच कमी असतो. बॉक्सरला मिळणारे स्वातंत्र्य आणि प्रेक्षकाला वाट पाहायला लावणारी टाळाटाळ या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

‘जोखीम जास्त, मोबदला कमी’ असे म्हणतात, त्याचा हिशेब नेमका कसा मांडतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका बॉक्सरला वर्षाअखेरीस ५० लाख डॉलरची लढत मिळण्याची शक्यता आहे, पण तोपर्यंत त्याने अपराजित राहायला हवे. मधल्या काळात एक लढत घ्यायची आहे आणि समोर दोन प्रस्ताव आहेत. पहिल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ९५ टक्के आणि मानधन १० लाख डॉलर. दुसरा चांगलाच अवघड आहे. त्याच्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ७० टक्के, पण मानधन १५ लाख.

वरवर पाहता दुसऱ्या प्रस्तावात ५ लाख जास्त आहेत. आता पुढची लढत हिशेबात धरा. पहिल्या प्रस्तावाचे अपेक्षित मूल्य १० लाख अधिक ५० लाखांचे ९५ टक्के, म्हणजे ५७.५ लाख होते. दुसऱ्याचे १५ लाख अधिक ५० लाखांचे ७० टक्के, म्हणजे ५० लाख. जास्त पैसे देणारी लढत प्रत्यक्षात साडेसात लाखांनी तोट्याची ठरली. दोन्ही प्रस्ताव समसमान व्हायचे असतील तर अवघड प्रतिस्पर्ध्याशी लढण्याचे मानधन किमान साडेबावीस लाख हवे, आणि नेमके तेवढे द्यायला कोणी तयार नसते, कारण हा अवघड प्रतिस्पर्धी बहुधा फारसा प्रसिद्ध नसतो. त्याच्या नावावर तिकिटे खपत नाहीत.

हे आकडे ढोबळ आहेत आणि पराभवानंतर घसरणारा भाव त्यांत धरलेला नाही. शिवाय मानधन म्हणून जाहीर होणारी रक्कम बॉक्सरच्या खिशात तशीच्या तशी पडत नाही. व्यवस्थापकाचा वाटा एक-तृतीयांशापर्यंत असू शकतो, प्रशिक्षकाला साधारण दहा टक्के द्यावे लागतात, जगज्जेतेपदाचा पट्टा पणाला लागला असेल तर संघटनेची सुमारे तीन टक्के फी असते, सराव शिबिराचा खर्च असतो आणि मग कर. निम्म्याहून कमी हातात उरणाऱ्या रकमेसाठी पुढची मोठी लढत धोक्यात घालावी का, या प्रश्नावर ज्यांचे घर त्याच पैशावर चालते ते लोक सावध उत्तर देतात, यात नवल नाही.

एका पराभवाने मोठी लढत खरोखरच बुडते का, की ही केवळ सबब आहे?

खरोखरच बुडते, आणि त्याची उदाहरणे इतकी ठळक आहेत की प्रत्येक प्रमोटर ती मनाशी बाळगून असतो.

११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत हेवीवेट जगज्जेता माइक टायसन ‘बस्टर’ डग्लसशी लढला. एका प्रसिद्ध सट्टा-दरानुसार डग्लसच्या विजयाला एकास बेचाळीस असा भाव होता. टायसनची पुढची लढत इव्हँडर होलिफील्डशी व्हायची होती आणि डग्लस ही वाटेतली औपचारिकता मानली जात होती. दहाव्या फेरीत टायसन जमिनीवर गुडघे टेकून तोंडातून पडलेला माउथगार्ड चाचपडत शोधताना दिसला, आणि त्याबरोबर ती ठरत आलेली लढतही गेली. होलिफील्डला अखेर आव्हान मिळाले ते डग्लसचे. टायसन आणि होलिफील्ड आमनेसामने यायला नोव्हेंबर १९९६ उजाडले.

अगदी तसाच प्रकार अँथनी जोशुआच्या बाबतीत घडला. २०१८ मध्ये त्याची डिऑन्टे वाइल्डरशी अविवादित, म्हणजे सर्व प्रमुख संघटनांच्या एकत्रित, हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढत होण्याची चर्चा जोरात होती, ती फिसकटली. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचे अमेरिकेतील पदार्पण ठरले होते. मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत अडकल्यामुळे ऐनवेळी अँडी रुइझ ज्युनियरला उभे करण्यात आले. तिसऱ्या फेरीत जोशुआने रुइझला खाली पाडले, आणि लगेच पुढे घुसल्यावर त्याच फेरीत तो स्वतः दोनदा आडवा झाला. सातव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली तेव्हा बावीस विजयांचा निष्कलंक विक्रम, तीन पट्टे आणि वाइल्डरशी लढतीची शक्यता असे सगळे एका रात्रीत गेले होते. जोशुआने सहा महिन्यांनी पट्टे परत मिळवले, पण वाइल्डरशी गाठ पडण्याची ती वेळ पुन्हा आली नाही. ज्याला ‘सोपी’ समजून घेतलेली लढतही अशी अंगाशी येते, तो ‘अवघड’ लढतीबाबत ताक फुंकून पिणारच.

अपराजित विक्रमाला, म्हणजे त्या ‘शून्या’ला, एवढे महत्त्व कधी आले?

हे तुलनेने अलीकडचे आहे. शुगर रे रॉबिन्सनने कारकिर्दीत जवळजवळ दोनशे लढती केल्या. ५ फेब्रुवारी १९४३ रोजी जेक लामोटाने त्याला व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा हरवले. १९ फेब्रुवारीला रॉबिन्सन दुसऱ्याच प्रतिस्पर्ध्याशी लढून जिंकला, आणि २६ फेब्रुवारीला त्याने लामोटाला गाठून त्या पराभवाची परतफेड केली. तीन आठवड्यांत तीन लढती! अशा काळात एक पराभव म्हणजे वहीतली एक ओळ होती.

लढतींची संख्या घटली तसा प्रत्येक निकालाचा भार वाढला, आणि पे-पर-व्ह्यूच्या, म्हणजे घरबसल्या एकेक लढत पैसे भरून पाहण्याच्या, जमान्यात ‘अपराजित’ हा शब्द आयती जाहिरात ठरला, कारण खेळातले बारकावे न समजणाऱ्यालाही शून्य समजते. फ्लॉइड मेवेदरने हे सर्वांत चांगले ओळखले. २००६ मध्ये त्याने साडेसात लाख डॉलर मोजून टॉप रँक या प्रमोटर कंपनीच्या करारातून स्वतःची सुटका करून घेतली आणि पुढे आपल्या लढतींचा मालक तो स्वतःच झाला. ५० विजय, ० पराभव या आकड्यावर तो थांबला. लोक त्याची हार पाहण्यासाठी पैसे भरत राहिले आणि तो जिंकत राहिला.

याला अपवाद आहेत. मुहम्मद अलीचे मोठेपण पराभवांनंतर वाढतच गेले. व्हॅसिली लोमाचेन्को २०१४ मध्ये आपल्या दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत ओर्लांदो सालिदोकडून हरला, तरी काही वर्षांतच तो जगातील सर्वोत्तम बॉक्सरांत गणला जाऊ लागला. माझ्या मते शून्याची किंमत प्रेक्षकांपेक्षा प्रमोटरांनीच अधिक फुगवली आहे. पण ती एकदा बाजारात रुजली की एकट्यादुकट्या बॉक्सरला ती झुगारणे परवडत नाही.

पट्टा ज्याच्याकडे आहे त्याला सक्तीने लढावे लागत नाही का?

नियम तसा आहे. प्रत्येक संघटना क्रमवारीतून एक अधिकृत आव्हानवीर ठरवते आणि विजेत्याने ठरावीक मुदतीत त्याच्याशी लढावे असे सांगते. दोन्ही बाजूंचे जमले नाही तर पर्स बिड होते, म्हणजे लढतीचे हक्क बोलीला काढले जातात आणि सर्वांत मोठी रक्कम देणारा प्रमोटर लढत भरवतो. जानेवारी २०२२ मध्ये टायसन फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी फ्रँक वॉरन यांनी ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलरची बोली लावली. तिची वाटणी जगज्जेत्या फ्युरीला ८० टक्के आणि आव्हानवीराला २० टक्के अशी ठरली होती.

मात्र संघटनेच्या हातात शेवटी एकच शस्त्र असते : पट्टा काढून घेणे. ज्याचे नाव पट्ट्याहून मोठे आहे त्याला त्या शस्त्राचे भय नसते. डिसेंबर १९९२ मध्ये हेवीवेट जगज्जेता रिडिक बो याने लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. अधिकृत आव्हानवीर होता लेनॉक्स लुईस, ज्याने १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्याला हरवले होते. लुईस पट्टा घेऊन गेला, बो आपल्या वाटेने गेला. दोघे व्यावसायिक म्हणून कधीच लढले नाहीत.

मे २०१६ मध्ये सॉल ‘कानेलो’ अल्वारेझने गेनादी गोलोव्किनशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा मिडलवेट पट्टा सोडून दिला. त्याच्या बाजूचे म्हणणे असे होते की मुदतीच्या दडपणाखाली आपण वाटाघाटी करणार नाही. लढत झाली ती सप्टेंबर २०१७ मध्ये, गोलोव्किन पस्तिशीला पोहोचल्यावर, आणि ती बरोबरीत सुटली.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्युरीने व्लादिमिर क्लिच्कोला हरवले आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने त्याचा पट्टा काढून घेतला, कारण करारानुसार त्याला क्लिच्कोला फेरलढत द्यायची होती आणि संघटनेचा आव्हानवीर वेगळाच होता. त्याने कोणालाही टाळले नव्हते. नियम आणि करार यांच्या कात्रीत तो सापडला होता.

‘स्टेप-असाइड’ पैसे म्हणजे काय?

हक्काच्या आव्हानवीराला रांगेतून तात्पुरते बाजूला होण्यासाठी दिलेली रक्कम. न लढण्याचे पैसे म्हणा ना! १९९६ मध्ये डब्ल्यूबीसीचा अधिकृत आव्हानवीर असलेल्या लेनॉक्स लुईसने ४० लाख डॉलर स्वीकारून टायसनला ब्रूस सेल्डनशी लढू दिले. टायसनने ती लढत जिंकल्यावर लुईसला सामोरे जाण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टाच सोडला. लुईसची गाठ त्याच्याशी पडली ती २००२ मध्ये, दोघांचीही पस्तिशी उलटल्यावर.

फेरलढतीच्या कलमामुळे नव्या लढती अडतात, हे खरे आहे का?

हो, आणि यात दोष देणे अवघड आहे. फेरलढतीचे कलम हा नावाजलेल्या बॉक्सरचा विमा आहे. ते नसते तर त्याने धोक्याची लढत मुळात घेतलीच नसती. एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हसीम रहमानने लेनॉक्स लुईसला एका ठोशात झोपवले. रहमान दुसरीकडे वळू पाहत होता, तेव्हा लुईस न्यायालयात गेला, कलम अमलात आणवून घेतले आणि नोव्हेंबरमध्ये चौथ्या फेरीत त्याने पट्टे परत मिळवले.

२०२१ मध्ये या कलमाचा फटका बाहेरच्यांना बसला. फ्युरी आणि जोशुआ यांची लढत सौदी अरेबियात ऑगस्टमध्ये होणार असे जाहीरही झाले होते. मे महिन्यात लवादाने निर्णय दिला की फ्युरीला आधी वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढावे लागेल. फ्युरीने ऑक्टोबरमध्ये वाइल्डरला अकराव्या फेरीत बाद केले. दरम्यान सप्टेंबरमध्ये जोशुआ ओलेक्सांद्र उसिककडून हरला होता, आणि ब्रिटिश बॉक्सिंगमधली ती सर्वांत मोठी लढत हातातून निसटली.

प्रमोटर आणि वाहिन्या यांचा यात किती हात असतो?

बॉक्सरइतकाच, किंबहुना अधिक. प्रमोटरचा बॉक्सर हरला तर पट्टा प्रतिस्पर्धी प्रमोटरकडे जातो आणि त्याबरोबर पुढच्या दोन-तीन वर्षांचे उत्पन्नही जाते. म्हणून आपल्याच गोटातल्या दोघांची लढत लावणे त्याला सोयीचे वाटते; निकाल काहीही लागो, पैसा घरातच राहतो. पूर्वी यावर आणखी एक उपाय होता. आव्हानवीराला संधी देतानाच ‘तू जिंकलास तर तुझ्या पुढच्या लढती आमच्या’ असे लिहून घेतले जाई. अमेरिकेत २००० मध्ये झालेल्या मुहम्मद अली बॉक्सिंग रिफॉर्म ॲक्टने अशा जाचक करारांवर मर्यादा आणली आणि प्रमोटरने आपले उत्पन्न बॉक्सरला दाखवावे असे बंधन घातले.

वाहिन्यांची गोष्टही अशीच. एचबीओ आणि शोटाइम या अमेरिकी वाहिन्यांशी बॉक्सर स्वतंत्रपणे बांधलेले असल्यामुळे लुईस-टायसन आणि मेवेदर-पॅकियाओ या लढती दोन्ही वाहिन्यांनी एकत्र येऊन दाखवल्या तेव्हाच झाल्या. एचबीओने २०१८ अखेरीस आणि शोटाइमने २०२३ अखेरीस बॉक्सिंग थांबवले. भिंती पडल्या असे नव्हे. त्या जागी स्ट्रीमिंग कंपन्यांच्या नव्या भिंती आल्या.

मोठी लढत मुद्दाम लांबवली जाते का?

जाते. दोघांचेही नाव आणखी मोठे होईल, मग पैसा वाढेल, या आशेने घोंगडे भिजत ठेवले जाते. मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ यांच्या वाटाघाटी २००९ च्या अखेरीस सुरू झाल्या आणि रक्तचाचणीच्या अटींवर मोडल्या. लढत झाली २ मे २०१५ रोजी, मेवेदर ३८ आणि पॅकियाओ ३६ वर्षांचा असताना. मधल्या काळात, डिसेंबर २०१२ मध्ये, हुआन मॅन्युएल मार्केझने पॅकियाओला सहाव्या फेरीत तोंडावर पाडले होते आणि त्या क्षणी ही लढत कायमची गेली असे अनेकांना वाटले होते.

तरीही अमेरिकेत सुमारे ४६ लाख घरांनी ती विकत घेतली आणि केवळ तिकिटांचे उत्पन्न ७ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास गेले. धंद्याच्या भाषेत विलंब फळला. खेळाच्या भाषेत काय झाले, ते ज्यांनी त्या बारा सावध फेऱ्या पाहिल्या त्यांना सांगायला नको.

विलंब नेहमी फळत नाही. टिओफिमो लोपेझने ऑक्टोबर २०२० मध्ये लोमाचेन्कोला हरवले आणि त्याचा भाव गगनाला भिडला. जॉर्ज कंबोसोस या अधिकृत आव्हानवीराशी त्याची लढत बोलीला निघाली तेव्हा ६० लाख डॉलरहून अधिक बोली लागली, मग तारखा पुन्हा पुन्हा बदलल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये लढत झाली तेव्हा लोपेझ गुणांवर हरला, आणि त्याच्यासाठी रांगेत असलेल्या मोठ्या लढती कंबोसोसच्या पदरात पडल्या.

सर्वांत जास्त कोणाला टाळले जाते?

जो चांगला आहे पण विकला जात नाही, त्याला. डावखुरे, पाय हलते ठेवून समोरच्याला वाईट दिसायला लावणारे, मागे चाहत्यांची फौज नसलेले बॉक्सर या यादीत नेहमी सापडतात. क्युबाचा गिलेर्मो रिगोंडो दोनदा ऑलिंपिक सुवर्णविजेता होता. एप्रिल २०१३ मध्ये त्याने नोनिटो डोनेअरसारख्या लोकप्रिय विजेत्याला स्वच्छ हरवले, आणि या विजयाने त्याची मागणी वाढण्याऐवजी घटली. वाहिनीला त्याची शैली नीरस वाटली, प्रतिस्पर्ध्यांना तो नकोसा वाटला. जिंकूनही बाजारातून बाहेर जाण्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणार नाही.

मात्र ‘धंद्याचे कारण’ या शब्दांआड इतिहासात बरेच काही लपवले गेले आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. सॅम लँगफर्डला हेवीवेट जगज्जेतेपदाची संधी कधीच मिळाली नाही. १९२० च्या दशकात हॅरी विल्स वर्षानुवर्षे जॅक डेम्प्सीच्या दारात उभा राहिला आणि ती लढत झाली नाही. गोऱ्या विजेत्यासमोर कृष्णवर्णीय आव्हानवीर उभा करण्यास असलेला विरोध हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्याला निव्वळ व्यवहार म्हणणे म्हणजे वंशभेदाला सभ्य नाव देणे होय.

वंशभेद आणि धंदा एकत्र आले की काय होते ते आर्ची मूरच्या बाबतीत दिसते. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून व्यावसायिक असलेल्या मूरला जगज्जेतेपदाची संधी मिळाली ती डिसेंबर १९५२ मध्ये, जोई मॅक्सिमविरुद्ध. मॅक्सिमला १ लाख डॉलरची हमी होती, मूरच्या हाती ८०० डॉलर आले. मूर जिंकला, आणि हरलेल्या मॅक्सिमचे व्यवस्थापक जॅक कर्न्स यांनी मूरच्याही कारकिर्दीत वाटा मिळवला. संधीची किंमत कोण कोणाकडून वसूल करतो, हे या एका व्यवहारात उघडे पडते.

लढत न टाळता धोका कमी करण्याचे मार्ग असतात का?

बरेच, आणि वाटाघाटी लांबतात त्या बहुतेकदा याच बाबींवर : वजन, रिंगणाचा आकार, हातमोज्यांची बनावट, सामन्याचे ठिकाण, पंचांची निवड. यांतली सर्वांत परिणामकारक अट वजनाची. एप्रिल २०२३ मध्ये गेर्वोंटा डेव्हिस आणि रायन गार्सिया १३६ पौंडांच्या तडजोडीच्या वजनावर लढले, आणि वजन झाल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत किती वजन परत भरून काढता येईल यावरही मर्यादा होती. उंच, मोठ्या हाडापेराच्या गार्सियाला ती अट जाचक होती. लढत हवी असल्याने त्याने मान्य केली आणि सातव्या फेरीत तो पोटावरच्या ठोशाने खाली बसला. सही करण्याआधीच लढतीचा थोडा भाग लढून झालेला असतो.

नवख्या बॉक्सरना सोपे प्रतिस्पर्धी देणे हीसुद्धा टाळाटाळच का?

सुरुवातीच्या काळात नाही. पहिल्या पंधरा-वीस लढती हे शिक्षण असते : एक प्रतिस्पर्धी उंच, एक डावखुरा, एक आठ फेऱ्या तग धरणारा. चांगला मॅचमेकर, म्हणजे लढती जुळवणारा, हे धडे क्रमाने लावतो. पंचविसाव्या लढतीनंतरही नावांची तीच खोगीरभरती चालू असेल तर मात्र शिक्षण संपून विक्रमाची सजावट सुरू झाली असे समजावे.

सौदी पैशामुळे परिस्थिती बदलली आहे का?

काही अंशी निश्चितच. रियाध सीझन या सौदी सरकारच्या मनोरंजन-उपक्रमाच्या पैशाने प्रतिस्पर्धी प्रमोटरांना एका टेबलावर आणले. फ्युरी आणि उसिक मे २०२४ मध्ये रियाधमध्ये लढले आणि १९९९ मधील लुईसनंतर हेवीवेट गटाला पहिला अविवादित विजेता मिळाला. आर्तुर बेतेर्बिएव्ह आणि दिमित्री बिवोल ऑक्टोबर २०२४ मध्ये लढले आणि चार महिन्यांत पुन्हा लढले. वरच्या उदाहरणातली साडेबावीस लाखांची किंमत मोजणारा कोणीतरी आला, एवढेच खरे तर घडले.

पण रचना तीच राहिली. अविवादित ठरल्यानंतर महिना-दीड महिन्याच्या आत उसिकला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला, कारण एका बाजूला फ्युरीशी फेरलढत होती आणि दुसऱ्या बाजूला संघटनेचा आव्हानवीर. कानेलो सप्टेंबर २०२५ मध्ये टेरेन्स क्रॉफर्डशी लढला आणि हरला. ज्या डेव्हिड बेनाव्हिडेझशी त्याने लढावे अशी मागणी वर्षानुवर्षे होत होती, तो मात्र कंटाळून वरच्या वजनगटात गेला.

एखादा बॉक्सर खरोखर टाळतो आहे की वाटाघाटी चालू आहेत, हे कसे ओळखावे?

समाजमाध्यमांवरील आव्हाने सर्वप्रथम बाजूला ठेवावीत. ती बहुतेक वेळा तिकीटविक्रीचाच भाग असतात. लेखी प्रस्ताव होता का, किती रकमेचा होता आणि कोणत्या टप्प्यावर कोण उठून गेले, हे पाहावे. उत्पन्नाची वाटणी ५०-५० की ६०-४० यावर मोडलेली बोलणी ही टाळाटाळ असेलच असे नाही, पण एक अट मान्य झाल्यावर दर वेळी नवी अट पुढे येऊ लागली तर संशयाला जागा आहे. क्रॉफर्ड आणि एरॉल स्पेन्स यांच्यात २०२२ मध्ये बोलणी तुटली तेव्हा दोघांवरही भ्याडपणाचे आरोप झाले. जुलै २०२३ मध्ये दोघे लढले आणि क्रॉफर्डने स्पेन्सला तीनदा खाली पाडून नवव्या फेरीत लढत संपवली. त्यांच्यापैकी कोणीही घाबरलेला नव्हता, हे तेव्हा दिसले.

वय हा आणखी एक निकष आहे. तरुण बॉक्सर वयस्क विजेत्याला ‘पुढच्या वर्षी’ म्हणत असेल, तर तो बहुधा कॅलेंडरलाच आपल्या बाजूने लढायला लावत असतो.

रखडलेल्या लढती अखेर झाल्या तर त्यांना काही अर्थ उरतो का?

रॉय जोन्स ज्युनियर आणि बर्नार्ड हॉपकिन्स यांचे उदाहरण पाहा. मे १९९३ मध्ये जोन्सने हॉपकिन्सला गुणांवर हरवले. २००२ मध्ये दोघेही आपापल्या गटांत अव्वल असताना फेरलढतीची बोलणी झाली. जोन्सला ६०-४० अशी वाटणी हवी होती, हॉपकिन्स निम्म्यावर अडून बसला, आणि सगळे तेथेच थांबले. फेरलढत झाली ती ३ एप्रिल २०१० रोजी. हॉपकिन्स पंचेचाळीस वर्षांचा होता, जोन्स एक्केचाळीस, आणि चारच महिन्यांपूर्वी जोन्स पहिल्याच फेरीत बाद झाला होता. बारा फेऱ्या मिठ्या मारण्यात आणि डोक्याच्या मागे लागलेल्या ठोशांच्या तक्रारींत गेल्या. हॉपकिन्स जिंकला, आणि सतरा वर्षांपूर्वीच्या पराभवाची परतफेड झाल्याची नोंद झाली.